रत्नांची पूड : विष, वदंता आणि वास्तव

बडोद्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला जडजवाहिराविषयी बोलण्यास निमित्त लागत नाही. गायकवाडांच्या जवाहिरखान्याच्या कथा आपण सर्वांनीच घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत. ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतात १८५३ साली एका गुलाम स्त्रीला एक हिरा सापडला. पैलू पाडल्यानंतर त्याचे वजन १२८.४८ कॅरट भरले. ‘स्टार ऑफ द साउथ’, म्हणजे ‘दक्षिणेचा तारा’, या नावाने जगभर गाजलेला हा हिरा गायकवाडांनी विकत घेतला, आणि त्यासाठी ऐंशी हजार पौंड मोजले असे सांगितले जाते. खंडेराव महाराजांनी करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा तर दंतकथेतच शोभावा असा होता. तो मदिनेस अर्पण करण्याचा त्यांचा संकल्प होता, असे म्हणतात. १८७० साली महाराजांचे निधन झाले आणि गालिचा येथेच राहिला. पुढे तो परदेशी गेला आणि २००९ साली दोहा येथील लिलावात सुमारे चोपन्न लाख डॉलरांना विकला गेला.

अशा वैभवाच्या कथांना वैद्यक व्यवसायिकांच्या स्मरणिकेत काय काम, असा प्रश्न वाचकांस पडेल. परंतु याच जवाहिरखान्याच्या छायेत घडलेला एक प्रसंग सर्वस्वी आपल्या व्यवसायाच्या कक्षेतला आहे. त्यात एक रुग्ण आहे, त्याला तपासणारा डॉक्टर आहे, प्रयोगशाळेकडे धाडलेला नमुना आहे आणि त्या नमुन्याच्या अहवालावर डोलणारे एक राजसिंहासन आहे. त्या नमुन्यात हिऱ्याची पूड होती असे म्हटले गेले. हिऱ्याची पूड पोटात गेल्याने माणूस मरतो काय? माझे सारे आयुष्य छातीच्या विकारांवर उपचार करण्यात गेले, आणि या प्रश्नाच्या मागे जाता जाता मी अखेर माझ्याच विषयाशी येऊन पोहोचलो. तो प्रवास येथे मांडण्याचा विचार आहे.

पपनसाचे सरबत

खंडेरावांच्या पश्चात त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांचा कारभार आणि इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांचा स्वभाव या दोहोंचा मेळ कधीच बसला नाही. राज्यकारभाराच्या चौकशीसाठी १८७३ साली एक आयोग बसला. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, पण त्यांनाही फार काळ टिकता आले नाही. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी फेअर यांची बदली करावी, असा खलिता व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्याकडे धाडला. त्यानंतर आठवडाही पुरता उलटला नाही तोच पुढचा प्रसंग घडला.

९ नोव्हेंबरच्या सकाळी फेअर फिरून परतले. नित्याप्रमाणे त्यांच्यासाठी पपनसाच्या रसाचे सरबत ठेवलेले होते. त्यांनी दोन-तीन घोट घेतले आणि पेला बाजूस ठेवला. काही वेळाने मळमळू लागले, डोके जड झाले. सरबतातच काही दोष असावा असे वाटून त्यांनी उरलेले फेकून दिले. तेव्हा पेल्याच्या तळाशी गडद रंगाचा गाळ दिसला. रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सिवर्ड यांना तातडीने बोलावण्यात आले. त्यांनी गाळ तपासला आणि पुढे तो मुंबईस सरकारी रसायन-परीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, सापडला. त्याखेरीज काही चकाकणारे कण आढळले. हे कण काचेचे, गारेचे की हिऱ्याचे, असा प्रश्न निघाला, आणि ते हिऱ्याचे असावेत असे मत पुढे आले.

१८७४ साली सोमल ओळखणे कठीण राहिले नव्हते. जेम्स मार्श याची कसोटी १८३६ पासून ठाऊक होती आणि युरोपातील न्यायालये तिच्या आधारे निवाडे करीत होती. सोमलाबद्दल मुंबईच्या प्रयोगशाळेला खात्रीने बोलता येत होते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारा अतिसूक्ष्म कण हिऱ्याचाच, हे त्या काळी तितक्याच खात्रीने सांगणे दुर्घट होते. तरी लोकांच्या तोंडी राहिला तो हिराच. सोमलाचे नाव मागे पडले.

रेसिडेन्सीतील हवालदार रावजी आणि जमादार नरसू यांनी विष घातल्याची कबुली दिली. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत यांनी माफीचा साक्षीदार होऊन सोमल व हिरे आपणच मिळवून दिल्याचे सांगितले. १४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली आणि २३ फेब्रुवारीस सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी सुरू झाली. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते. सर रिचर्ड मीड आणि मेल्व्हिल हे आणखी दोन इंग्रज सभासद होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे हे तिघे भारतीय. बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले होते. पोलिसांच्या ताब्यातील साक्षीदारांनी दिलेल्या जबान्या आणि पट्ट्यातील ती पुडी यांच्यावर त्यांनी उलटतपासणीत प्रखर प्रकाश टाकला.

आयोगाचे मत दुभंगले. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी ठरविले, तर तिघा भारतीयांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. त्यासाठी सरकारने कारण दिले ते विषप्रयोगाचे नव्हे, तर गैरवर्तनाचे व कुशासनाचे. त्यांना मद्रासेस नेण्यात आले आणि तेथेच १८८२ साली त्यांचे निधन झाले. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळराव या मुलास दत्तक घेतले. तेच आपले सयाजीराव महाराज. बडोद्याचे पुढील सोनेरी पर्व त्या पेल्यातील गाळातून निघालेल्या घटनाक्रमाचेच फलित म्हणावे लागेल.

हिरकणीचा धाक

या खटल्यात हिऱ्याच्या पुडीला विष मानण्यास कोणीच फारशी हरकत घेतली नाही, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. हिरकणी गिळून प्राण देणाऱ्या राण्या आपल्या नाटक-कादंबऱ्यांतून किती वेळा येऊन गेल्या आहेत! आपल्या रसशास्त्रातही वज्राची गणना रत्नांत केली असून त्याच्या भस्माचे गुण सांगितले आहेत. तथापि अशुद्ध वज्र शरीरास अपायकारक असते, असे तेथेही बजावलेले आहे.

हा समज केवळ आपल्याकडचा नव्हता. सोळाव्या शतकातील इटालियन सोनार व शिल्पकार बेनवेनुतो चेलिनी रोममध्ये कैदेत असताना एकदा त्याच्या जेवणात काही चकाकणारे कण लागले. शत्रूंनी आपणास मारण्यासाठी हिऱ्याची पूड घातली, असे त्याने मानले. चेलिनी रत्नांचा जाणकार होता. इतर खडे कुटले म्हणजे त्यांच्या कणांच्या कडा बोथट होतात, हिऱ्याच्या मात्र धारदारच राहतात आणि ते कण आतड्यांना भोके पाडतात, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. तो वाचला कसा, याचे त्याने दिलेले कारण मोठे गमतीचे आहे. ज्या जवाहिऱ्याकडे हिरा कुटण्यासाठी दिला होता, तो गरीब होता. त्याने हिरा स्वतःजवळ ठेवला आणि त्याऐवजी एक स्वस्तातला हिरवट खडा कुटून दिला! हिऱ्याची पूड निरुपद्रवी असेल, ही शंकादेखील चेलिनीच्या मनास शिवली नाही.

ती शंका आली एका वैद्याला, आणि तीही आपल्या शेजारच्या गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याचे जाणे-येणे होते. येथील वनस्पती, औषधे व रत्ने यांविषयीचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. हिरा विषारी असतो, या समजुतीला त्याने त्यात स्पष्ट नकार दिला. चोरीच्या हेतूने हिरे गिळणारी माणसे होती, हिरे पोटातून बाहेर पडत आणि माणसे धडधाकट राहत, हा त्याचा पुरावा होता. ग्रंथांतरी काय म्हटले आहे यापेक्षा डोळ्यांना काय दिसते, यास त्याने अधिक मान दिला. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, धर्मन्यायालयाने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. त्याचा ग्रंथ मात्र युरोपभर पोहोचला.

यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी इंग्लंडमधील डॉ. टॉमस ब्राउन यांनी रूढ भ्रमांचा समाचार घेणारा ग्रंथ १६४६ साली प्रसिद्ध केला. काचेची पूड विषारी असते, ही समजूत त्यांनी प्रयोगानेच तपासली. बारीक कुटलेली काच लोण्यातून कुत्र्यांना खाऊ घातली आणि काहीही झाले नाही, असे त्यांनी नोंदविले. म्हणजे बडोद्याचा खटला उभा राहिला तेव्हा या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांत दोन-तीनशे वर्षे पडून होते.

मग विष कोणते?

आज रसायनशास्त्र आपणास निःसंदिग्ध उत्तर देते. हिरा हा शुद्ध कार्बन असतो, हे स्मिथसन टेनंट याने १७९७ साली हिरा जाळून दाखवून दिले. हवेत तो जळण्यास सुमारे ८५० अंश सेल्सिअस तापमान लागते. जठरातील आम्ल, पित्त, पाचकरस यांपैकी कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. जे विरघळत नाही ते रक्तात जात नाही, आणि जे रक्तात जात नाही ते यकृतास वा हृदयास बाधणार कसे? राहिला प्रश्न धारेचा. बारीक पुडीचे कण आतड्यातील श्लेष्मल आवरणातून अन्नाबरोबर सरकत जातात. मोठा, टोकदार तुकडा इजा करू शकेल, परंतु तो कोणालाही न कळता सरबतातून पाजणे शक्य नाही.

सोमलाची गोष्ट वेगळी. तो विरघळतो, शोषला जातो, पेशींतील प्रथिनांच्या गंधकयुक्त गटांना जखडतो आणि पेशीचा श्वासच कोंडतो. फेअर यांच्या पेल्यात त्यांना मारण्याचे सामर्थ्य असलेली वस्तू एकच होती, आणि ती हिऱ्याच्या मानाने कवडीमोल होती.

असे असता कोणी त्यात हिरा का घालावा? माझ्या मते याची दोनच उत्तरे संभवतात. घालणाऱ्याचा हिरकणीच्या धाकावर पूर्ण विश्वास असावा, किंवा पेल्यात हिरा होता ही कल्पनाच आरोप करणाऱ्यांना सोयीची ठरली असावी. सोमल कोणीही मिळवू शकतो. एखाद्या रागावलेल्या नोकरालाही तो मिळतो. हिऱ्याची पूड मात्र सरळ राजवाड्याकडे बोट दाखविते. पुराव्यातील ज्या घटकाची ओळख सर्वांत कच्ची, तोच आरोपाच्या दृष्टीने सर्वांत बोलका ठरला. यांतले खरे उत्तर कोणते, याचा निवाडा मी करू धजत नाही. सहा विद्वानांच्या आयोगालाही तो एकमताने करता आला नाही.

जेथे रत्नांची धूळ खरोखर मारते

येथेच थांबलो असतो तर हा लेख इतिहासाची करमणूक ठरला असता. परंतु पोटातून गेलेली रत्नांची पूड निरुपद्रवी असते, असे म्हटल्याबरोबर माझ्यासारख्या छातीच्या डॉक्टरला दुसरा प्रश्न पडतो. ती श्वासातून गेली तर?

हिऱ्यापुरते बोलायचे तर येथेही हिरा बराचसा निर्दोष सुटतो. धुळीचा पेशींवर होणारा परिणाम अभ्यासताना प्रयोगशाळांतून हिऱ्याची पूड निरुपद्रवी तुलनाद्रव्य म्हणून वापरली गेली आहे. तरीही हिरे घासणाऱ्यांना फुफ्फुसाचा गंभीर विकार होतो, हे बेल्जियममधील डॉक्टरांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. दोष हिऱ्याचा नव्हता. घासण्याच्या चकतीवर हिऱ्याचे कण धरून ठेवण्यासाठी कोबाल्ट धातू वापरला होता आणि कारागीर त्याची धूळ श्वासावाटे घेत होते. बडोद्याच्या पेल्यातही हिऱ्याचा सोबती मारक होता, अँटवर्पच्या कारखान्यातही तेच. हिरे घासणारे जगातील सर्वांत मोठे शहर सुरत आपल्यापासून काही तासांवरच आहे, याचा आपल्या दवाखान्यांत विसर पडू नये.

परंतु हिऱ्याहून कितीतरी स्वस्त असलेल्या एका खड्याची कथा याहून दुःखद आहे. आपल्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरांवरील खंभात येथे अकीक घासण्याचा धंदा शतकानुशतके चालतो. लोथलच्या उत्खननात मण्यांचा कारखाना सापडला. म्हणजे या टापूत ही कला हडप्पा काळापासून नांदत आली आहे. भरूच जिल्ह्यातील रतनपूरकडचा दगड खंभातला येतो. तो उन्हात वाळवतात, भट्टीत तापवून त्याचा रंग खुलवतात, लोखंडी खिळ्यावर टेकवून हलक्या हातोडीने टवके काढतात आणि मग फिरत्या दगडी चाकावर घासून गोल करतात. या शेवटच्या कामात धूळ उडते. अकीक म्हणजे सिलिका. पाच मायक्रॉनहून लहान असलेले तिचे कण फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षकपेशी त्यांना गिळतात आणि स्वतः मरतात. मरताना त्या जी द्रव्ये सोडतात त्यांनी तेथे व्रणतंतूंच्या गाठी बनतात. सुटे झालेले कण पुढची पेशी गिळते. कारागिराने काम सोडले तरी हे चक्र थांबत नाही. सिलिकोसिसवर औषध नाही.

हे काम बहुतांशी घराच्या ओसरीवर वा लहानशा शेडमध्ये चालते. त्यामुळे सिलिकोसिस हा कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेला व्यावसायिक रोग असूनही कायद्याचा हात या घरांपर्यंत सहसा पोहोचत नाही. घासणारा चाकापाशी बसतो तेव्हा बायको-मुलेही त्याच हवेत वावरत असतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या कारागिरांची पाहणी करून या रोगाकडे लक्ष वेधले आहे.

काही वर्षांपूर्वी तिकडचा एक कारागीर माझ्याकडे आला. वय पस्तिशीचे. दोन पावले चालला की उभा राहून श्वास गोळा करी. त्याच्या पिशवीत कागदांची चळत होती. क्षयरोगाचा औषधोपचार दोनदा पूर्ण झालेला, थुंकीत जंतू एकदाही सापडलेले नाहीत. छातीच्या छायाचित्रात दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागांत बारीक गाठींची पेरणी स्पष्ट दिसत होती. मी चळत उलगडून पाहिली. निरनिराळ्या ठिकाणच्या सात केसपेपरांवर नाव, वय, वजन, पत्ता सारे काही होते. व्यवसायाची जागा एका कागदावर कोरी, तर दुसऱ्यावर ‘मजूर’. मी विचारले, ‘‘भाई, काम कशाचे करता?’’ तो म्हणाला, ‘‘साहेब, अकीक घासतो. बाराव्या वर्षापासून.’’ वडीलही तेच करीत होते का, असे विचारले. ते चाळिशीच्या आत खोकून खोकून गेले, आणि त्यांनाही क्षयच होता असे घरी सांगतात, असे तो म्हणाला.

मला त्यास बरे करता येण्यासारखे नव्हते. प्राणवायू, जंतुसंसर्गावर वेळीच उपचार आणि काम बंद करण्याचा सल्ला, यापलीकडे हाती काही नसते. सिलिकोसिसच्या रुग्णास क्षयरोग होण्याची शक्यता पुष्कळ अधिक असल्याने ती तपासणीही करीत राहावी लागते. मी एक केले. त्याच्या कागदावर सिलिकोसिसचे निदान पूर्ण अक्षरांत लिहिले आणि शेजारी व्यवसाय व वर्षे नोंदविली. तो दीड वर्षाने गेला. त्याचा धाकटा भाऊ मात्र ते निदान ऐकून चाकापासून उठला, आणि आज तो रिक्षा चालवितो.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे, की रुग्णाला विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घालावी. त्यास तीनशे वर्षे उलटली. ज्या गळ्यात अकिकाची माळ शोभते त्या गळ्याचे कौतुक आपण करतो, परंतु जी छाती ती घासताना दगड बनते तिच्याकडे पाहण्यास हा एक प्रश्न पुरेसा आहे.

आपले मंडळ दरवर्षी आसपासच्या तालुक्यांत आरोग्यशिबिरे भरविते. त्यांच्या तपासणीपत्रावर व्यवसायाची ओळ आहे. ती कोरी राहू नये, एवढी विनंती माझ्या तरुण सहकाऱ्यांस करतो. ‘मजूर’ असे लिहून पुढे जाऊ नये. कोणत्या वस्तूची मजुरी, किती वर्षे, आणि घरात आणखी कोण ते काम करते, हे लिहावे. जेथे दगड घासला जातो तेथे पाण्याचा फवारा आणि धूळ ओढून घेणारा पंखा लागला तर धूळ पुष्कळ घटते. असे पंखे खंभातच्या शेडमधून बसावेत यासाठी आपल्या मंडळाच्या निधीतून या वर्षी काही रक्कम काढावी, असा प्रस्ताव मी येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवणार आहे. सभासदांनी त्यास पाठिंबा द्यावा.